विषाणूंची बाजू

आठवड्याभरात खाडीचं पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि बंदरावर एकच हलकल्लोळ उडाला. एका सूक्ष्म शेवाळाला ऊत आला होता. ते मारायच्या औषधाची पिंपं धक्क्यावर येऊन पडली. अडलं होतं फक्त प्रयोगशाळेतल्या ताईच्या सहीपाशी.

बावीस वर्षं ती समुद्राचं पाणी तपासत होती. त्या सकाळी विषाणूंना चिकटून चमकणारा रंग चढवलेल्या थेंबात तिला हिरव्या ठिपक्यांचा नुसता बुजबुजाट दिसला. विषाणू. कालच्या दहापट!

"सही करा, ताई," साहेब म्हणाले. "लोक दारात बसलेत."

"नाही करणार. हे विषाणू शेवाळाला आतून फोडतायत. चार दिवसांत पाणी निवळेल. फुटलेल्या शेवाळावर जिवाणू जगतील, त्यांच्यावर बारीक जीव, त्यांच्यावर मासे. औषधानं सगळ्यांचाच निकाल लागेल."

"रोगाच्या भरवशावर बंदर सोडू?"

"समुद्र आजवर कोणाच्या भरवशावर चाललाय, साहेब?"

संध्याकाळी थोरला भाऊ तावातावानं आला. खाडीत दोरांवर तो शिंपले वाढवायचा. "पाण्यात विषाणू आहेत म्हणे! माझे शिंपले आता कुत्रं तरी खाईल का?"

"दादा, हा विषाणू फक्त त्या शेवाळाला लागतो. औषध मात्र तुझ्या शिंपल्यांना सोडणार नाही."

तो पाठ फिरवून निघून गेला. ते तिला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं, सही करा, नाहीतर गोदामात बदली. तिनं कागद ओढला, 'माझी परवानगी नाही' असं ठसठशीत लिहून त्याखाली सही ठोकली. "घ्या, झाली सही."

चौथा दिवस उजाडला तरी पाणी पांढरंच. लोक तोंडावर हसले. पण ती मागे हटली नाही. सहाव्या दिवशी खाडीचा तळ दिसू लागला. पिंपं न उघडताच परत गेली.

बदली मात्र झालीच. गोदामात ती बाटल्या मोजत असताना दादा दारात उभा राहिला.

"चुकलो म्हणायला आलेलो नाही," तो म्हणाला.

"मग?"

"तो विषाणू बघायचाय."

तिनं त्याचा हात धरला आणि साहेबांच्या खोलीसमोरून त्याला थेट सूक्ष्मदर्शकापाशी नेलं.

"अगं, साहेब बघतील!"

"बघू देत. तुझं झालं की त्यांनाही बसवते."