दोन फेऱ्या पुढे

माझ्या धाकट्या बहिणीला सगळं मैदान शेपटी म्हणतं. ते नाव मीच पाडलं. सहा वर्षांची होती तेव्हापासून ती माझ्या मागे मागे पळायची, आणि मी वैतागून म्हणायचे, घरी जा गं, दूध पी. ती कसली जाते! आता अठराची आहे आणि या मोसमात एकही शर्यत हरलेली नाही. मी इस्त्रीच्या दुकानात लोकांच्या कॉलरी सरळ करते.

मैदानाच्या कचेरीत विक्रमांचा फलक आहे. पंधराशे मीटरच्या पुढे माझी वेळ, अकरा वर्षं तशीच. खोटं कशाला बोलू, दर रविवारी काहीतरी निमित्त काढून मी तो बघून यायचे. माझं म्हणावं असं दुसरं होतं काय?

एक दिवस आम्हा दोघींना पळायला शिकवणारे सर दुकानात आले. शेपटीला तो विक्रम मोडायचा होता. पहिल्या दोन फेऱ्या मी तिच्या पुढे पळून वेग धरून द्यायचा, मग बाजूला व्हायचं. अडुसष्ट सेकंदांची फेरी अचूक पळणारं माझ्याशिवाय कुणी नाही म्हणे. म्हणजे माझं नाव माझ्याच हातानं पुसायचं. वर साळसूदपणे म्हणाले, तुला आनंदच होईल. होईल तर, म्हटलं मी, आणि त्यांच्या पँटला गरजेपेक्षा कडक इस्त्री मारली.

महिनाभर पहाटे उठून मी पुन्हा सराव केला. शर्यतीच्या सकाळी इतकं धुकं होतं की पलीकडचं वळण दिसेना. बंदूक वाजली. मी पुढे, शेपटी खांद्यामागे, बाकीच्या कुठेतरी विरून गेल्या. पाय जमिनीला लागतायत की नाही तेच कळेना. वाटलं, मी एकोणीसचीच आहे, दुकान, कॉलरी, काही अजून घडलेलंच नाही. हे संपूच नये. आणि त्या गुंगीत मी वेग जरासा सोडला. अगदी जाणूनबुजून. फेरी सत्तरची झाली. सर काठावरून ओरडले तशी भानावर आले, दुसरी फेरी बरोबर अडुसष्टची पळाले आणि शहाण्यासारखी बाजूला झाले.

शेपटी एकटीच धुक्यात शिरली. शेवटच्या वळणावर बाहेर आली तेव्हा तिच्या मागे दूरवर कुणी नव्हतं. शर्यत तिनं जिंकली. विक्रम सेकंदभरानं हुकला.

सर मला म्हणाले, तुझं वय झालंय आता, चालायचंच. बहाणा आयता मिळाला होता. पण शेपटी गवतावर बसून, एक बूट काढून दुसऱ्याच्या नाड्या सोडत होती, तिच्या पायाचा अंगठा रक्ताळला होता, आणि मला बघून ती हसली. मला राहवेना.

"मी मुद्दाम हळू पळाले," मी म्हटलं.

"ठाऊक आहे गं."

"मग पुढे का नाही गेलीस? बाजूला जागा होती की."

तिनं नाडीची गाठ ओढून उकलली.

"तू पळत होतीस ना, ताई. किती वर्षांनी शर्यतीत पळत होतीस. मी पुढे गेले असते तर तू तिथंच थांबली असतीस."

मला रडू फुटलं, तिथंच, सगळ्यांसमोर. लाज वाटायची ती वाटलीच. मग नाक पुसून मी सरांकडे गेले आणि पुढच्या महिन्याच्या शर्यतीलाही मलाच घ्या म्हणून सांगितलं. या वेळी तीन फेऱ्या धरून देते, म्हटलं, सदुसष्टच्या.