अकराव्या मजल्यावरचं पाणी

नाताळ उलटला आणि वीज गेली. पाठोपाठ क्षेपणास्त्रांनी ऊर्जाकेंद्र फोडलं, तेव्हा घर तापवणारे रेडिएटरही गार पडले. कीवमध्ये नदीच्या डाव्या तीरावरच्या त्या सोळा मजली इमारतीत, अकराव्या मजल्यावर, ओरिना आणि तिची सासू तेक्ल्या अशा दोघीच राहत होत्या. लिफ्ट बंद होती. पंप बंद, त्यामुळे नळ कोरडे. शेगड्याही विजेवरच्या. तळमजल्याचे सांडपाण्याचे पाइप गोठले तेव्हा संडासात काही ओतू नका अशी पाटी दारावर लागली.

पानगळीच्या दिवसांत तेक्ल्या बाजारात घसरली होती आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून ती अंथरुणाला खिळलेली. ओरिनाने पलंगावरच नवऱ्याचा, नझारचा, जुना तंबू उभारला होता. सहलीला जायचा तेव्हाचा. त्यात दोघी एकमेकींना चिकटून झोपत. नझार वसंतापासून बेपत्ता होता. त्याच्या सैन्यातल्या तुकडीकडून तसा फोन आला होता, पुढे काहीच नाही.

ओरिनाची बहीण रोज विनवायची, इकडे गावाला या, लाकडाची भट्टी आहे, विहीर आहे. तेक्ल्या ऐकायची नाही.

"तू जा. मी कशी येऊ? पोरगा आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

"त्याच्याकडे किल्ली आहे, आई."

"किल्ली असून काय उपयोग? घरात माणूस नको?"

तो येईल असं ओरिनाला आता वाटत नव्हतं. पण हे सासूला सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. मग ती कॅन उचलून खाली जायची. अंगणात बचाव पथकाने मोठा तंबू ठोकला होता. तिथे जनरेटरवर फोन चार्ज व्हायचे, चहा मिळायचा, टाकीतून पाणी मिळायचं. पाणी घेऊन ती अंधाऱ्या जिन्याने वर चढायची, आणि दुसऱ्या खेपेला, तेक्ल्या संडासासाठी वापरायची त्या बादलीतली पिशवी गाठ मारून खाली न्यायची. चौथ्या मजल्यावरचा झाखार वाटेत भेटायचा. तो विधुर होता, आणि तोंडाचा फाटका.

"काय ओरिना, फिरायला निघालीस?"

"हो ना काका, डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलेत."

"मग मला कुठल्या डॉक्टरने सांगितलं ते शोधायला हवं."

दोघंही हसत नसत, पण बोलून बरं वाटायचं.

मग थंडी आणखी वाढली. खिडकीच्या आतल्या बाजूला बोटभर बर्फ धरला. पिशव्या हलक्या होत चालल्यात हे ओरिनाच्या हाताला जाणवलं होतं. पण हात दुखायचे कमी झाले, एवढंच तिला कळलं. त्यात तिला बरंच वाटलं, आणि तिने पुढे विचार केला नाही.

एका दुपारी ती पलंगाशेजारची जिरेनियमची कुंडी फेकायला उचलू लागली. रोप कधीच काळं पडून मेलं होतं. कुंडी विटेसारखी जड लागली. मातीवर तपकिरी बर्फाचा जाड थर होता आणि त्यात लिंबाची चकती अडकली होती.

ओरिना कुंडी धरून तशीच उभी राहिली.

"आई, हा चहा आहे."

तेक्ल्याने डोळे मिटले.

"किती दिवस ओतताय तुम्ही? आई, मी विचारतेय."

"ओरडू नकोस. ट्राम चालवायचे तेव्हा अख्खी पाळी घोटभर पाण्याशिवाय काढायचे. डेपोत सगळ्याच बायका काढायच्या. सवय असते."

"ती पाळी होती. संध्याकाळी घरी येऊन पीत होतात ना?"

"हे बघ पोरी. अकरा मजले तू पाणी चढवतेस. मी पिते. मग तेच पाणी तूच पुन्हा अकरा मजले उतरवतेस. याला काही अर्थ आहे का? तुझे हात बघितलेस?"

"माझ्या हातांचं मला बघू द्या. नाहीतर गावाला चला म्हटलं होतं, तेव्हा यायचं होतं. तिकडे चहा कुंडीत ओतायची वेळ आली नसती."

हे बोलायला नको होतं हे तिला बोलतानाच कळलं. तेक्ल्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. ओरिनाने सहलीच्या सामानातल्या छोट्या गॅसशेगडीवर पाणी कोमट केलं आणि चमच्याने पाजायला बसली. दोन चमचे गेले, तिसरा ओठांवरून ओघळला. जीभ लाकडासारखी झाली होती. थोड्या वेळाने तेक्ल्या तिला भलत्याच नावाने हाक मारू लागली, तेव्हा ओरिना धावत खाली गेली.

झाखार आणि बचाव पथकाचे तिघे वर आले. त्यांनी म्हातारीला ब्लँकेटमध्ये घेतलं आणि चार टोकं धरून जिना उतरू लागले. ओरिना पुढे टॉर्च धरून होती. नवव्या मजल्यावर तेक्ल्याने डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात थांब्याचं नाव सांगितलं. आठव्यावर पुढच्या थांब्याचं. कडेला उभे राहा, दारं बंद होतायत, असंही सांगितलं. उचलणारा एक पोरगेलासा जवान गोंधळून थांबला.

झाखार धापा टाकत म्हणाला, "सगळे चढले, तेक्ल्याबाई. सोडा गाडी."

ती समाधानाने गप्प झाली. पुढच्या मजल्यांवर तिने कुठलाच थांबा सांगितला नाही.

इस्पितळात जनरेटर होता, दिवे होते, ऊब होती. त्या उबेने ओरिनाचे हात आणि कान दुखू लागले. तरुण डॉक्टरणीने विचारलं, "शेवटचं पोटभर पाणी कधी प्यायल्या?" दोन्ही मूत्रपिंडं निकामी होत चालली होती. डॉक्टरणीने सलाइन लावलं आणि बघू म्हणाली. तिच्या आवाजात आशा नव्हती.

भेटीची वेळ संपल्यावर थोरल्या सिस्टरने ओरिनाला बाहेर जायला सांगितलं. ओरिना म्हणाली, "मी फरशी पुसू का?" सिस्टरने तिच्याकडे नीट पाहिलं. निम्म्या कामवाल्या बायका शहर सोडून गेल्या होत्या. तिने कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं.

ओरिना तिथेच राहिली. नळ सोडला की पाणी यायचं, हे बघत ती कधीकधी उगाच उभी राहायची. मधेमधे सासूच्या उशाशी जाऊन ओल्या कापसाने तिचे ओठ पुसायची. तेक्ल्या एकदाच शुद्धीवर आली.

"घरी कोण आहे?" तिने विचारलं.

"झाखारकाका बसलेत," ओरिना खोटं बोलली. "दार उघडंच ठेवलंय."

तेक्ल्या दोन दिवसांनी सकाळी गेली. जमीन एवढी गोठली होती की खड्डा यंत्राने खणावा लागला. ओरिनाची बहीण रेल्वेने आली, रडली, आणि म्हणाली की आता तरी चल. ओरिनाने मान हलवली. हो की नाही, ते बहिणीला कळलं नाही, आणि ती संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

दुसऱ्या दिवशी ओरिना वॉर्डात हजर होती. थोरली सिस्टर जवळ आली.

"घरी जा गं. थोडी झोप काढ."

"तिकडे जाऊन काय करू?" ओरिना म्हणाली.

ओरिनाने फडकं पिळलं आणि खिडकीजवळ, तेक्ल्या होती त्या खाटेखाली सारलं. त्या खाटेवर आता एक म्हातारा होता. त्याने मुकाट्याने पाय वर घेतले.