इसिंगच्या वाट्याची कालवं

"पुन्हा भात टाकलास?" दिवीनाने लेकीची ताटली पाहून कपाळाला हात लावला.

"चवच लागत नाही गं आई," इसिंग म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली.

इसिंग सात वर्षांची. पाच वर्षांचा धाकटा बेर्तो तिच्याहून चार बोटं उंच. परकी माणसं त्यालाच थोरला समजत आणि इसिंग मान खाली घालून आत पळे. तिला वरचेवर जुलाब होत. गुडघ्याची जखम भरता भरत नव्हती. दिवीनाने काय करायचं बाकी ठेवलं होतं? नवस बोलली, जाणत्या बाईकडून पोरीचं पोट चोळून घेतलं, दर नव्या वर्षाला फटाके वाजू लागले की उंची वाढावी म्हणून तिला उड्या मारायला लावल्या. पोरगी उड्या मारून दमे, वाढत मात्र नसे.

"खाण तशी माती," सासू म्हणे. तिला सगळे लोला सेपा, म्हणजे सेपाआजी, म्हणत. "आमच्यात बायका बुटक्याच. हिला काय माडावर चढायचंय?"

कापिझ प्रांतातल्या आमच्या खाडीत घरं पाण्यात बांबूंवर उभी असतात, खाली कालवांची, खायच्या शिंपल्यांची, शेती. दिवीनाच्या घरातून बाहेर पडायला एकच फळी आणि तिच्या तोंडाशी सासूचं बाकडं. माहेर दुसऱ्या बेटावर. जाणार कुठे आणि सांगणार कुणाला? संध्याकाळी नवऱ्याचे, नेस्तोरचे मित्र माडी घेऊन ओटीवर जमत. दिवीनाने कालवं उघडायची, ताट नेऊन ठेवायचं आणि मुकाट्याने मागे फिरायचं. कालव म्हणजे पुरुषांचा चखणा. बायका-मुलींनी खाल्लं तर लोक तोंडात शेण घालतील! आत चुलीपाशी मायलेकी भातावर मिठाचं पाणी घालून जेवत. दिवीनाला ते खुपे, पण बोलायची सोय नव्हती.

त्या आठवड्यात इसिंगला असे जुलाब झाले की तिचे डोळे खोल गेले. घाबरून नवराबायकोने तिला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर लुमेन बाईंनी साखर-मिठाचं पाणी सुरू केलं आणि जस्ताच्या गोळ्या दिल्या.

"जस्त?" नेस्तोर हसला. "छपराच्या पत्र्याला लावतात ते? माझी पोरगी काय गंजलीय?"

"हसा, हसा," डॉक्टर म्हणाल्या. "अंगालाही ते थोडं लागतं. ते कमी पडलं की भूक मरते, चव जाते, जुलाब पाठ सोडत नाहीत, जखम चिघळते, वाढ खुंटते. नुसत्या भातातून ते पुरत नाही. आपल्या देशात कितीतरी मुलं पोटभर भात खाऊनही अशी आतून उपाशी आहेत."

"मग काय रोज मटण घालू? परवडायला नको?"

"मूग आहेत, अंडी आहेत. बरं, तुमचा धंदा कसला?"

"कालवांचा."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा! कालवांइतकं जस्त दुसऱ्या कशात नसतं!"

"पण आमच्याकडे पोरं कालव खात नाहीत."

"बेर्तो खातो," दिवीना म्हणाली.

नवऱ्यासमोर, परक्या माणसापुढे ती पहिल्यांदाच बोलली होती. "रोज तुमच्या मांडीवर बसतो. तुम्ही त्याला हाताने भरवता. इसिंग दाराआडून बघते."

नेस्तोरची मान खाली गेली.

"हेच एक कारण आहे असं मी म्हणत नाही," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "आणि गेलेली उंची सगळी परत येईल, असंही वचन देत नाही. पण उरलेली तरी हातची घालवू नका. कालवं चांगली शिजवून द्या. खाडीत विषारी तांबड्या शेवाळाची लाट आल्याची दवंडी असेल तेव्हा मात्र कुणीच खायची नाहीत."

इसिंग बरी होऊन घरी आली. संध्याकाळी मित्र आले तेव्हा नेस्तोरने हात जोडले. "आज चखणा नाही रे. आधी माझी पोरगी."

लोला सेपा बाकड्यावरून कडाडली, "बायकांना कालवं? जनाची नाही तर मनाची तरी ठेव!"

"आई, जन्मभर तू कालवं उघडलीस. बोटं फाटेपर्यंत उघडलीस. कधी एक तरी खाल्लंस?"

म्हातारीने आपली बोटं पाहिली. "मला कुणी विचारलंच नाही रे!" असं म्हणून ती लहान मुलीसारखी रडू लागली.

दिवीनाने उकडलेल्या कालवांची वाटी आणली. पहिलं कालव इसिंगला दिलं, दुसरं सासूच्या हातावर ठेवलं. म्हातारीने ते बराच वेळ चघळलं आणि वाटी नातीकडे सरकवली. "खा गं बाई. माझं राहिलं ते राहिलं."

बंधुभगिनींनो, पोरगी खुजी राहिली की आपण रक्ताला बोल लावतो, नशिबाला लावतो. त्याआधी एकदा आपल्या घरचं वाढप तपासा. ताटात काय आहे एवढंच पाहू नका. ते कुणाच्या ताटात पडतं आणि कोण दाराआडून बघतं, हेही पाहा!