कराची ते ग्वाल्हेर, सातशे मैल

त्या शुक्रवारी दुपारी सरोजिनीला गणितासाठी पुस्तक उघडावं लागलं नाही. तिचे वडील सूर्याजीराव कराचीत घेतलेलं नवं विमान स्वतः चालवत ग्वाल्हेरला आणणार होते. नकाशावर दोरा ताणून तिने अंतर काढलं. सातशे मैल.

"तासाला एकशे चाळीस," मी म्हणालो.

"पाच तास!"

हेच उत्तर मी आदल्या दिवशी तिच्या आजोबांना, महिपतरावांना दिलं होतं. त्या भरवशावर त्यांनी मुलाला तार केली, 'राहुकाळ टळल्यावरच निघ. पाच तास लागतील.' शुक्रवारचा राहुकाळ बारापर्यंत. बाराला निघून पाचला पोचेल, असा त्यांचा हिशेब. डिसेंबरात सूर्य साडेपाचलाच मावळायचा आणि विमान उतरायच्या मैदानावर दिवे नव्हते.

सरोजिनीने पेन्सिल चावली. "पण गुरुजी, बाबा जोधपूरला पेट्रोल घ्यायला थांबणार ना?"

थांबणार होतेच. पाऊण तास. तो मी धरलाच नव्हता.

"म्हणजे पावणेसहा," ती म्हणाली. मावळतीनंतरही थोडा वेळ उजेड असतो, अशी मी मनाची समजूत घातली.

चार वाजता डाकिया आला. "तार है, हुजूर."

महिपतरावांनी वाचलं आणि कडाडले, "राहुकाळ टळला, एक वाजता निघालो म्हणे! एक? पंचांग बघता येत नाही या गाढवाला!"

"त्यांनी बरोबर बघितलं, सरकार," मी म्हणालो. "घड्याळं एकच असली तरी तिथे सूर्य आपल्यापेक्षा पाऊण तास उशिरा उगवतो. राहुकाळही तितकाच उशिरा टळतो."

"आणि मावळतो कधी?" सरोजिनीने विचारलं.

"तिथे सव्वासहाला."

सूर्याजीराव माझे पाच तास आणि तिथलंच ऊन धरून चालले असणार, हे मला तेव्हा कळलं. त्यांच्या मते सहाला, उजेडातच. प्रत्यक्षात जोधपूर धरून पावणेसात, इथल्या अंधारात.

त्यांना जोधपूरलाच थांबवायला आम्ही तातडीची तार केली. उत्तर यायला सव्वापाच झाले. विमान चार पंचवीसला उडालं होतं. तार त्यानंतर पोचली.

मग आम्ही सगळे मैदानावर गेलो. महिपतरावांनी तबेल्यातलं गवत गाड्या भरभरून आणवलं. दोन ओळींत ढीग लावले, रॉकेल शिंपडलं. सरोजिनीच्या आई शालिनीताई पदर खोचून माणसांबरोबर भारे ओढत होत्या. एकदाच त्या माझ्याजवळ आल्या. "पाच तास म्हणाला होतात, गुरुजी."

"चुकलो, ताई."

त्या पुन्हा भाऱ्यांकडे वळल्या. साडेसहाला ढीग पेटवले. थंडीमुळे धूर वर चढेना. तो जमिनीवरच पसरला आणि ज्वाळाच झाकू लागला.

सहा बावन्नला आवाज आला. किल्ल्याच्या बाजूने, उंचावरून. सगळे ओरडले, कंदील हलवू लागले. आवाज डोक्यावरून गेला, पूर्वेकडे वळला, परत आला, मग हजीरा वस्तीच्या दिशेने बारीक होत गेला.

"बाबांना आम्ही दिसलो नाही?"

"धूर आहे, बाळ."

"जोधपूरला टाकी पूर्ण भरली असेल ना? ती किती तास पुरते?"

"साडेतीन."

ती बोटांवर मोजू लागली. चार पंचवीस अधिक साडेतीन. शिकवताना मी मुलांना उत्तरापर्यंत नेहमी पोचू देतो. त्या वेळी मी तिची बोटं मुठीत धरली आणि म्हणालो, "चल, वाळलेलं गवत शोधू. ओल्याचा धूर फार होतो."

महिपतराव पंचांग छातीशी धरून काळोखाकडे बघत उभे होते. आवाज आता कोणत्याच बाजूने येत नव्हता.