बनाबाईची जुडी

दुष्काळात लोक कडबा जपत होते, बी-बियाणं जपत होते, आणि आमची बनाबाई जपत होती कोथिंबिरीची एक जुडी! हसू नका. चार महिन्यांनी तिच्या पिराजीचा निरोप आला होता, "बाजारच्या दिवशी येतो."

बैलं विकण्यावरून मायलेकांचं वाजलं होतं. "पुन्यांदा ह्या उंबऱ्यात पाय ठेवणार न्हाय," म्हणत पोरगा तरातरा गेला तो कळंबला, आणि सोसायटीच्या ट्रकवर हमाल झाला. मागं बनाबाई एकटी. दिवस दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. भिंतीशी किती बोलणार?

सोमवारी बाजार भरता भरताच तिनं जुडी घेतली आणि धावतपळत घर गाठलं. रेशनच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची भाकरी पोराच्या घशाखाली उतरायची तर हिरवी चटणी हवीच. दिवेलागणीपर्यंत बाई दारात बसून राहिली. पिराजी काही आला नाही.

"काम निघालं असंल. पुढच्या बाजारी येईल," ती स्वतःलाच म्हणाली आणि जुडी सोडून बसली. पिवळी पानं खुडली, मुळं मात्र तोडली नाहीत. पानांना पाणी लागलं की कोथिंबीर काळी पडते, म्हणून पानांवर कोरडं फडकं गुंडाळलं आणि मुळं रांजणाखालच्या ओल्या वाळूत रोवली. टँकरचं पाणी घरटी दोन घागरी. वाळू सुकू नये म्हणून बया स्वतः तहानेली राहायची.

गुरुवारी सोसायटीचा शिपाई गोरोबा मिलोचं वाटप सांगायला आला. पिराजीचा तो निरोपही त्यानंच आणला होता.

"काकू, सोमवारी कुठं होता वो? पिराजी तासभर बाजारतळावर ट्रकापाशी उभा हुता की! अख्खं गाव बाजारला येतं, आई बी येईलच म्हणला."

"अगं बया! मग घरी का न्हाय आला?"

"उंबऱ्याची आन घेतली हुती न्हवं त्यानं? म्हणून तर बाजारच्या दिवशी म्हणला. तुमी दिसला न्हाय, तर म्हणला, आईचा राग अजून गेला न्हाय. आता म्या बी येत न्हाय."

बनाबाईनं रांजणाखालच्या जुडीकडं पाहिलं.

"राग धरू कुणावर, गोरोबा?" ती म्हणाली. "घरात हाय कोण?"