घरची हळद

सांगलीच्या मार्केट यार्डात जिनपाल शेटजींची हळदीची पेढी. मुंबईच्या एजंटाचा फोन आला तेव्हा त्यांची सून सन्मती तिथं पुढच्या मालाचे कागद भरत बसली होती.

"मॅडम, आपला कंटेनर परदेशातल्या बंदरात अडवलाय," एजंट म्हणाला. त्याचा आवाज पडलेला होता. "नमुन्यात शिसं सापडलं."

सन्मतीला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी कंटेनर असेल. नवरा पुण्यात नोकरीला आणि सासऱ्यांना संगणकाचं वावडं, त्यामुळे परदेशी जाणाऱ्या मालाचं सगळं तीच बघायची. निर्यातीचा परवानाही तिच्याच नावावर होता. इकडची हळद तिकडे धोक्याच्या मालात धरतात, बंदरात कंटेनर उघडून पोत्यांतून नमुना काढतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तर तिनं प्रयोगशाळेचा दाखला बैजवार जोडला होता. त्या दाखल्यात शिसं नव्हतंच.

"आता काय करायचं?"

"दोन वाटा आहेत. माल तिथंच जाळायचा, नाहीतर परत आणायचा. तुमच्या सहीनं कळवावं लागेल."

तिनं सासऱ्यांना सांगितलं. जिनपालांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला.

"परत आण म्हणावं. इथं खपंल."

"मामा, शिसं आहे त्यात."

"काढणीच्या वक्ताला पाऊस लागला, हळकुंड काळं पडलं. पॉलिशवाल्यानं पिवळं दिसाय काय घातलं त्याला ठाऊक. आपण काय कालवाय गेलो न्हाई."

"मग प्रयोगशाळेत पाठवलेला नमुना कुठल्या पोत्यातला होता?"

जिनपाल उठले, दारात उभ्या असलेल्या हमालाला पोती आत घ्यायला सांगू लागले. ते परत गादीवर येऊन बसलेच नाहीत. सन्मती दिवे लागेपर्यंत थांबली आणि घरी गेली.

घरी नणंद ब्राह्मी बाळंतपणाला आली होती. सासू चंपाबाई तिच्यासाठी हळद घालून दूध तापवत होत्या. तिनं चुलीवरचं भांडं हातानंच खाली ओढलं, बोटं भाजली.

"अगं, काय करतीस?"

"आत्याबाई, ही हळद कुठली? पेढीवरची?"

"व्हय, पेढीवरचीच. पण भ्यायासारखं काय न्हाई गं," चंपाबाई तिची बोटं पाण्यात बुडवत म्हणाल्या. "यांनी यंदा पॉलिशला घालायच्या आधीच घरापुरती काढून ठिवली. म्हणले, ब्राह्मी यायची हाय, घरात पॉलिशची नको."

पाण्यात बोटं गार पडली. पॉलिशवाल्याला काय ठाऊक होतं न होतं कुणास ठाऊक. मामांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी पेढीवर जाऊन तिनं पहिलं काम केलं ते बंदराला कळवायचं. माल नष्ट करा. सही केली, पाठवलं आणि मग सासऱ्यांना सांगितलं.

जिनपाल चिडले नाहीत. नुसते म्हातारे दिसायला लागले. "लय नाव कमवलं होतं गं माझ्या बापानं," ते म्हणाले. "आता तिकडं आपला माल दरवेळी अडवणार."

"अडवू दे. मामा, हा लॉट मोठा होता. कंटेनरात मावेल त्याच्या दुप्पट. बाकीचा कुठं आहे?"

ते बाहेरच्या गाड्यांकडे बघू लागले. मग म्हणाले, "इस्लामपूरला. लालासाहेबाच्या गिरणीत."

सन्मतीनं एसटी पकडली. मसाल्याच्या गिरणीत मिरचीचा ठसका भरलेला होता. लालासाहेब गिरणीवाला माणूस चांगला. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्याचा कप तोंडाशीच थांबला.

"ताई, ती कवाच दळली. पुड्या करून आठवडी बाजारांत गेली. इकडं वाळव्यात, वर मेढ्यापर्यंत. रंग बघूनच बाया उचलायच्या."

"परत मागवता येईल?"

"कुणाकडनं? पुडीवर नाव न्हाई, गाव न्हाई. पाटीवाल्या बायांनी सुट्टीबी इकली." मग खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "आमच्याबी घरात तीच हाय. बारक्यांना काय व्हतंय त्यानं?"

तिनं सांगितलं. हळूहळू अंगात साठतं, पोरांच्या डोक्याला लागतं. लालासाहेबानं गिरणी बंद केली आणि तो चप्पल न घालताच घराकडे निघाला.

तिथून सन्मती थेट अन्न तपासणीच्या कार्यालयात गेली. सासऱ्यांचं नाव, पेढीचं नाव, स्वतःचं नाव, सगळं सांगितलं. तिथल्या बाईंनी मन लावून ऐकलं, तक्रार लिहून घेतली, एजंटानं पाठवलेला बंदराचा अहवालही ठेवून घेतला.

"पेढीवर येऊ आम्ही," त्या म्हणाल्या. "पण त्या लॉटमधलं काही शिल्लक आहे का? थोडं तरी? इथल्या कारवाईला इथला नमुना लागतो."

सन्मती आठवत राहिली. कंटेनर तिकडे जळणार होता. पेढीवरची पोती नव्या मालाची होती. गिरणी झाडून स्वच्छ होती.

"लोकांच्या घरात आहे," ती म्हणाली.

बाईंनी मान हलवली. "घरातली बिननावाची पूड पेढीचीच, हे कसं ठरवणार?" कुणाच्या घरात, ते त्यांनी विचारलं नाही. बाहेर रस्त्यावर बाजारातून परतणाऱ्या बाया पिशव्या घेऊन रिक्षासाठी थांबल्या होत्या. सन्मती त्यांच्यात जाऊन उभी राहिली, पिशव्यांत कुठं पिवळी पुडी दिसते का बघत. रिक्षा आली, भरली, गेली, तरी ती तिथंच होती.