लांडग्याचं तोंड

बहात्तरच्या दुष्काळात येरमाळ्याजवळ पाझर तलावाचं काम चालू होतं. दुपारी सुरुंग उडायचे. बाया आडोशाला पळायच्या, आणि त्यांची बारकी लेकरं लांबच्या लिंबाखाली चांगुणा सांभाळायची. तिचा नवरा पिराजी साखर कारखान्यावर वॉचमन होता. ऊस वाळला आणि तोही खडी फोडायला आला. त्याच्या वर्दीतल्या जुन्या लोकरी मोजाचा चांगुणानं लांडगा केला होता. गुंड्यांचे डोळे, तोंडात लाल चिंधी. मोजात हात घालून ती त्याला बोलतं करायची. तिच्या गोष्टीत पाणी हुडकत फिरणाऱ्या त्या लांडग्यापुढून लेकरं हलत नसत.

मग चांगुणा तापानं गेली. दिवस झाल्यावर मुकादम बब्रुवान आला.

"पिराजीदादा, आता लेकरांपाशी तुमीच बसा."

"मला गोष्ट येत न्हाय, बाबा."

"नसंना का. सुरुंग उडंस्तवर बसवून ठेवा म्हंजे झालं."

पिराजी लिंबाखाली बसला. मोजात हात घातला तर बोटंच अडकली. चांगुणानं जबडा आपल्या हाताच्या मापानं शिवला होता. जोर लावला तर शिवण उसवेल, म्हणून तो तसाच बसून राहिला.

"आजोबा, लांडगा बोलंना का?" कामावरच्या जगदेवीची पोर हरणा म्हणाली.

"त्याला बरं न्हाय."

"आजीवानी ताप आला का?"

तेवढ्यात सुरुंगाची शिट्टी झाली. बांधापलीकडं आईचं लुगडं दिसलं, तशी हरणा उठून चालू लागली.

"हरणे, बस!"

पोर ऐकेना. तो उठून धरेपर्यंत ती लांब गेली असती. त्यानं हात आत रेटला. टाके तटातटा तुटले.

"हरणेऽ! पाणी कुठंय गं?" लांडगा ओरडला.

पोर वळली. लोंबणारा दोरा बघून रागानं माघारी पळत आली. "आजीचा लांडगा फाडलाव तुमी!" म्हणत ती त्याला बुक्क्या मारू लागली. पिराजीनं तिला पोटाशी धरलं. सुरुंग उडाला. ती चालली होती तिथं दगड पडले.

धूळ बसली. हरणानं लांडग्याच्या तोंडात बोट घातलं.

"लई मोठं तोंड झालं. आता लई पाणी पिईल."

"कुठलं पाणी," पिराजी म्हणाला.

सांजच्याला जगदेवी सुई घेऊन आली. "द्या मामा, पयल्यासारखं शिवते."

पिराजीनं तुटके दोरे बोटानं चाचपले.

"पयल्यासारखं नगं. उद्याबी सुरुंग हाय."

त्यानं मोजा तसाच हातात चढवला आणि हात तिच्यापुढं धरला.

"ह्या मापानं घाल टाके."